धंद्याचा ई-मेल क्लाउडवर नेताना: पावती कुणाच्या नावावर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हर या मेल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१६ आणि २०१९ अशा दोन आवृत्त्यांचा पाठिंबा, म्हणजे दुरुस्त्या आणि मदत देणे, थांबवला. कार्यालयातच मेलचा सर्व्हर बसवून काम करणाऱ्या अनेकांची भिस्त याच आवृत्त्यांवर होती. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या आणि नोव्हेंबरमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. बातम्या तीन, पण सोलापुरात अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखानदाराच्या टेबलावर त्या एकाच प्रश्नाच्या रूपाने येतात. मेलचे काम पाहणारा सांगतो, "मालक, आता क्लाउडवर जायला पाहिजे." मालक विचारतात, "तिथे माझा डेटा सुरक्षित राहील का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो. खरे उत्तर थोडे लांबीचे आहे.

आज आपला मेल राहतो कुठे?

पाठवलेला ई-मेल एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर जात नाही. तो आधी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर, म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या संगणकावर, जातो. तो सर्व्हर घेणाऱ्याच्या पत्त्यातला 'ॲट' या चिन्हानंतरचा भाग पाहतो, त्या नावाचा मेल कोणत्या यंत्रावर उतरवायचा याची चौकशी इंटरनेटवरच्या सार्वजनिक नोंदींमध्ये करतो आणि तिथे मेल पोहोचवतो. 'ॲट'नंतरच्या त्या नावाला डोमेन म्हणतात आणि मेल कुठे उतरवायचा हे सांगणाऱ्या नोंदीला एमएक्स नोंद.

सोलापुरातल्या लहानमोठ्या उद्योगांत मेलची व्यवस्था साधारण तीन प्रकारची आढळते. काही जण जीमेलच्या फुकट खात्यावरच परदेशी बायरशी व्यवहार करतात. मोजक्या मोठ्या कारखान्यांत वातानुकूलित खोलीत स्वतःचा सर्व्हर असतो. तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी समजून घेतला जातो. कधीकाळी कुणीतरी कंपनीची वेबसाइट करून दिली, त्याच होस्टिंगबरोबर, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेबरोबर, पाच-दहा मेल आयडी मिळाले, आणि ते कार्यालयातल्या संगणकांवर आउटलुकमध्ये लावून दिले गेले.

या तिसऱ्या प्रकारात मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याची पद्धत बहुधा 'पॉप' नावाची असते आणि तिची मांडणी अनेकदा अशी असते की संगणकावर मेल उतरला की सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. म्हणजे बायरशी वर्षानुवर्षे झालेला पत्रव्यवहार, रंगांचे नमुने, जीएसएमवरून (कापडाच्या वजनावरून) झालेली घासाघीस, प्रोफॉर्मा इनव्हॉइस (आगाऊ बिल), एलसीची (बँकेच्या पतपत्राची) कागदपत्रे, सगळे काही हिशेबनिसाच्या टेबलाखालच्या एका संगणकात, आउटलुकच्या एकाच पीएसटी फाइलमध्ये साठलेले असते. जुन्या आउटलुकमध्ये ही फाइल २ जीबीच्या आसपास गेली की बिघडायची. नव्यात मर्यादा वाढली, पण हार्ड डिस्क एकच आणि तिची दुसरी प्रत बहुतेक ठिकाणी नाहीच. तेव्हा "माझा डेटा माझ्याकडेच बरा" असे म्हणणाऱ्याने आधी त्या टेबलाखाली वाकून पाहावे. मेल होस्टिंगवाल्याच्या यंत्रावर येतच होता, फक्त त्या यंत्राची निगा कोण राखतो याची आपण कधी चौकशी केली नाही.

क्लाउडवर नेले म्हणजे नेमके काय केले?

क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधले संगणक मासिक किंवा वार्षिक भाड्याने वापरणे. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो मेल ही त्यातली आपल्याकडे चालणारी ठळक नावे. भाडे माणशी आकारले जाते. मेल कायम त्या कंपनीकडे राहतो. कार्यालयातला संगणक, घरचा लॅपटॉप आणि खिशातला मोबाइल ही तो पाहण्याची तीन ठिकाणे असतात.

यात जबाबदारीची वाटणी कशी होते ते वखारीवरून चांगले कळते. वखार महामंडळाच्या गोदामात शेतकरी तूर किंवा सोयाबीन ठेवतो तेव्हा छप्पर, कीडनियंत्रण, आग आणि पहारा हे गोदामाने पाहायचे असते. शेतकऱ्याच्या हातात वखार पावती येते, तिच्यावर बँक तारण कर्जसुद्धा देते. पण ती पावती त्यानेच सही करून भलत्याच्या हवाली केली आणि त्या माणसाने माल उचलून नेला, तर पहारेकऱ्याला जाब विचारता येत नाही. त्याने पावती पाहूनच माल सोडलेला असतो. क्लाउडमध्ये हुबेहूब हेच आहे. डिस्क जळणे, वीज जाणे, सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणे, प्रवासात आणि साठवणुकीत मजकूर कूटबद्ध, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येणार नाही असा, ठेवणे हे कंपनीचे काम. कुणाला खाते द्यायचे, पासवर्ड कसा सांभाळायचा, नोकरी सोडलेल्याचे खाते कधी बंद करायचे आणि आलेल्या मेलवर विश्वास ठेवून पैसे पाठवायचे की नाही, हे आपले. सुरक्षिततेबद्दलच्या बहुतेक चर्चा पहिल्या अर्ध्या भागावर होतात आणि बहुतेक नुकसान दुसऱ्या अर्ध्या भागात होते.

डोमेन कुणाच्या नावावर आहे?

क्लाउडवर जाण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायला हवा, आणि नेमका हाच बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. डोमेन विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ज्याच्या खात्यात ते नोंदवलेले आहे तो एमएक्स नोंद बदलू शकतो, म्हणजे कंपनीचा सगळा मेल हवा तिकडे वळवू शकतो.

अनेक ठिकाणी असे घडलेले असते की वेबसाइट करून देणाऱ्या तरुणाने आपल्याच नावाच्या खात्यातून, आपल्याच मेल आयडीवर डोमेन घेतले. तेव्हा त्यात कुणाचीही खोट नव्हती, मालकांना तेवढीच कटकट कमी. पुढे तो पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला गेला, त्याचा नंबर बदलला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या आयडीवर येत राहिली, आणि एके दिवशी कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेले मेल परत जाऊ लागले. मुदत उलटल्यावर काही दिवसांची सवलत सहसा मिळते. ती संपली की नाव खुले होते आणि कोणीही ते घेऊ शकतो. ज्याने घेतले त्याला जुन्या पत्त्यांवर येणारे सगळे मेल मिळू लागतात, आणि त्या पत्त्यावर जोडलेल्या इतर सेवांचे पासवर्डही तो 'विसरलो' म्हणून बदलून घेऊ शकतो.

म्हणून मेल गूगलकडे न्यायचा की झोहोकडे, हा विचार करण्यापूर्वी डोमेनचे खाते कंपनीच्या नावावर करून घ्यावे. त्याला मालकाचा मोबाइल जोडावा, आणि संपर्काचा मेल आयडी त्याच डोमेनवरचा न ठेवता वेगळा ठेवावा, नाहीतर मेल बंद पडल्यावर दुरुस्तीची सूचनाही त्याच बंद पेटीत जाऊन पडते. नूतनीकरण एकदम काही वर्षांचे करून टाकावे. माझ्या मते, या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. मेल आहे तिथेच राहिला तरी चालेल.

पासवर्ड मजबूत असतानाही पैसे कसे जातात?

व्यावसायिक मेलमधून होणाऱ्या फसवणुकीत संगणक 'फोडला' जातो अशी कल्पना असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चोर रीतसर लॉगिन करून आत येतो. 'तुमची मेलपेटी भरली आहे, इथे लॉगिन करा' अशा बनावट पानावर कुणीतरी पासवर्ड टाइप केलेला असतो, किंवा दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेला तोच पासवर्ड इथेही चालून जातो. आत आल्यावर तो गडबड करत नाही. वाचत बसतो. कोणत्या बायरची कोणती ऑर्डर आहे, कंटेनर न्हावा शेवाला कधी लागणार, पेमेंट कधी अपेक्षित आहे, तुमची माणसे कोणत्या शब्दांत लिहितात, हे सारे तो टिपून घेतो.

मग तो मेलपेटीत एक छोटा नियम तयार करतो. मेल आपोआप वर्गवारीत जावेत म्हणून ही सोय सगळ्याच मेलसेवांत असते. चोराचा नियम असा असतो की 'पेमेंट', 'बँक' किंवा त्या विशिष्ट बायरचे नाव ज्यात आहे तो मेल इनबॉक्समध्ये न दाखवता कुणी कधी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि त्याची एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर पाठवायची. आता बायरची शंका विचारणारी पत्रे हिशेबनिसाला दिसतच नाहीत. इकडे बायरला मेल जातो की ऑडिटमुळे आमचे नेहमीचे खाते तात्पुरते बंद आहे, यावेळची रक्कम या नव्या खात्यावर पाठवावी. मेल तुमच्याच आयडीवरून जातो, किंवा जवळजवळ तशाच दिसणाऱ्या डोमेनवरून: रोमन लिपीत छोटी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी आली की मोबाइलच्या पडद्यावर 'एम' दिसतात. इनव्हॉइस खरे, माल खरा, रक्कम खरी, फक्त खाते क्रमांक वेगळा.

या प्रकारच्या फसवणुकीत २०२३ या एका वर्षात सुमारे २.९ अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेकडे नोंदल्या गेल्या. आणि मेल कार्यालयातल्या सर्व्हरवर असो की क्लाउडवर, हा डाव दोन्हीकडे सारखाच चालतो. क्लाउडचा फायदा एवढाच की कोणी कुठल्या देशातून लॉगिन केले, कोणते नियम केव्हा तयार झाले, बाहेर मेल आपोआप पाठवण्याची सोय कुणी चालू केली, हे प्रशासकाला, म्हणजे कंपनीची सगळी खाती सांभाळणाऱ्याला, एका ठिकाणी पाहता येते आणि बाहेर आपोआप पाठवणे सगळ्यांसाठी एकदम बंदही करता येते. पण ते पाहणारा माणूस आपणच नेमायचा असतो.

खात्याचा क्रमांक बदलल्याचा मेल आला किंवा गेला, तर जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलून खात्री केल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत, असे बायरशी पहिल्या ऑर्डरच्या वेळीच लेखी ठरवून ठेवावे. त्या मेलमध्येच दिलेल्या नंबरावर फोन करण्यात अर्थ नाही. सूत पुरवणाऱ्या पार्टीचे खाते 'बदलले' तरी हाच नियम. याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही, आणि बायरचीच मेलपेटी चोराच्या ताब्यात गेली असेल तर याच्याशिवाय दुसरा उपायही नाही.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

लॉगिन करताना पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा मागणे, याला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. आपोआप चालणारे बहुतांश हल्ले, म्हणजे ९९.९ टक्के, यामुळे रोखता येतात असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये म्हटले होते. तेव्हा ती चालू करावी की नाही हा वादाचा विषय उरलेला नाही. अडचण ती कशी चालू होते यात आहे.

आपल्याकडे विक्रीचा किंवा हिशेबाचा एकच मेल आयडी तीन-चार माणसे वापरतात. पासवर्ड कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेला असतो. पडताळणी चालू करताना मालकांचा मोबाइल नंबर दिला जातो. मग रोज सकाळी कार्यालयातून फोन येतो, "साहेब, ओटीपी आलाय का? सांगा जरा." मालक गाडीत असतील, बँकेत असतील, एखाद्या लग्नात असतील, ते आकडे वाचून दाखवतात. अशा रीतीने फोनवर ओटीपी सांगण्याची सवय घरातल्या सर्वांत महत्त्वाच्या माणसालाच लागते. पुढे एखादा चोर कार्यालयातला माणूस असल्याची बतावणी करून तोच प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर तयारच असते.

यावर मार्ग सोपा आहे. प्रत्येक माणसाला स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड द्यावा; विक्रीचा सामाईक पत्ता 'ग्रुप' किंवा 'शेअर्ड मेलबॉक्स' म्हणून ठेवावा, म्हणजे तिथला मेल ठरलेल्या सगळ्यांना दिसतो आणि त्या पत्त्यासाठी वेगळा पासवर्ड लागत नाही. पडताळणी एसएमएसने करण्यापेक्षा ज्याच्या-त्याच्या मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपने, म्हणजे मोबाइलमध्येच बदलते आकडे तयार करणाऱ्या ॲपने, करावी, कारण दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड काढून एसएमएस पळवता येतात. मालक, हिशेबनीस आणि प्रशासक यांनी तर पासकी वापरावी. पासकी ही मोबाइलमध्ये किंवा छोट्या यूएसबी उपकरणात राहणारी अशी ओळख आहे की ती बनावट पानावर चालतच नाही, आणि तिच्यात वाचून दाखवण्यासारखे आकडेही नसतात. प्रशासकाचे खाते रोजच्या मेलसाठी वापरू नये, एवढेही त्यातच येते. आणि खर्चाची धास्ती असेल तर, प्रत्येक कामगाराला खाते लागत नाही. यंत्रमागावरच्या जॉबरचे काम फोनवर भागते.

आपल्या नावाने भलताच मेल पाठवेल त्याचे काय?

ई-मेलची मूळ पद्धत १९८२ पासूनची आहे आणि तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता तपासण्याची सोयच नव्हती. ती नंतर तीन थरांनी जोडली गेली. एसपीएफ ही डोमेनची नोंद सांगते की आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार या या यंत्रांना आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलला डिजिटल स्वाक्षरी लावते, त्यामुळे वाटेत मजकूर बदलला तर कळते. डीमार्क सांगते की या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे: नुसते कळवायचे, स्पॅममध्ये टाकायचे की नाकारायचे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली आणि लहान पाठवणाऱ्यांनाही निदान पहिल्या दोनपैकी एक लागू केली. आपले कोटेशन बायरच्या स्पॅममध्ये का जाते, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. डीमार्क सुरुवातीला 'नुसते कळवा' वर ठेवावे, काही आठवडे अहवाल पाहावेत आणि मग कडक करावे. पण 'नुसते कळवा' वरच ते कायमचे विसरून जाणे हा प्रकार फार दिसतो.

प्रत्यक्ष हलवण्याचे काम

हे काम शनिवार-रविवारी उरकते, पण तयारीला दोन-तीन आठवडे लागतात. आधी सगळ्या पत्त्यांची यादी करावी आणि त्यात माणसांबरोबर यंत्रेही धरावीत: स्कॅन करून मेल करणारे झेरॉक्स मशीन, टॅलीतून बिले पाठवणारा संगणक, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. हलवल्यानंतर पहिली तक्रार यांचीच येते, कारण यांचे जुने पासवर्ड नव्या ठिकाणी चालत नाहीत आणि एसपीएफ नोंदीतही त्यांची आठवण राहिलेली नसते.

सार्वजनिक नोंद जगभरचे सर्व्हर काही काळ जपून ठेवतात. हा काळ नोंदीतच सेकंदांत लिहिलेला असतो. तो ८६,४०० म्हणजे एक दिवस असेल, तर आदल्या आठवड्यात कमी करून ठेवावा, म्हणजे बदल तासाभरात सर्वत्र पोहोचतो. नवी खाती तयार करून जुने मेल आधी नकलून घ्यावेत, त्यात पीएसटी फाइलीही धराव्यात, आणि मग एमएक्स नोंद बदलावी. जुने होस्टिंग लगेच बंद करू नये. महिनाभर तरी ठेवावे, कारण चुकार मेल काही काळ तिकडेही जातात, आणि वेबसाइट त्याच यंत्रावर असेल तर तीही बंद पडेल.

दिवस निवडताना महिन्याची ११ आणि २० तारीख टाळावी, जीएसटीच्या विवरणपत्रांची धांदल असते. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत निम्मे कामगार सुट्टीवर असतात म्हणून तो मुहूर्त सोयीचा वाटेल, पण जर्मनीतल्या बायरला संक्रांत नसते.

क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे ना?

नाही. कंपनी यंत्र बिघडण्यापासून राखण करते. आपल्या माणसाने पुसलेले ती काही दिवसच जपते. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो, त्यानंतर प्रशासकाला आणखी २५ दिवस तो परत आणता येतो. मायक्रोसॉफ्टकडे ट्रॅशमधूनही पुसलेला मेल मूळ मांडणीत १४ दिवस आणि वाढवून ३० दिवसांपर्यंत सापडतो. नोकरी सोडलेल्याचे खातेच पुसून टाकले तर गूगल २० आणि मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांपर्यंत ते परत देते. त्यानंतर काही मिळत नाही.

याउलट जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. दर्जाच्या कारणावरून बायरने डेबिट नोट (रक्कम कापल्याची चिठ्ठी) पाठवली की दोन वर्षांपूर्वी मान्य केलेल्या नमुन्याचा मेल शोधावा लागतो, आणि तो ज्याच्या खात्यात होता तो मर्चंडायझर, म्हणजे बायरच्या ऑर्डरी सांभाळणारा माणूस, केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून सगळ्या मेलची स्वतंत्र प्रत दुसऱ्या ठिकाणी नियमित घ्यावी. ती दुसऱ्या सेवेकडे असेल किंवा कार्यालयातल्या एरवी सोडवून ठेवलेल्या डिस्कवर असेल, दोन्ही चालतील. सहा महिन्यांतून एकदा तिच्यातून एखादा जुना मेल काढून पाहावा; न उघडणारा बॅकअप हा बॅकअप नव्हे.

मोठ्या कंपन्याही फुटतात, मग?

फुटतात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक महत्त्वाची डिजिटल किल्ली चोरीला गेली आणि चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या हॅकरांनी अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांसह अनेकांचे मेल वाचले. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने पुढच्या वर्षी हा प्रकार टाळता येण्यासारखा होता असा निष्कर्ष काढला. डिसेंबर २०२२ मध्ये रॅकस्पेस या कंपनीच्या भाड्याने दिलेल्या एक्स्चेंज सेवेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, हजारो लहान व्यवसायांचे मेल अडकले, आणि कंपनीने ती सेवाच बंद केली.

पण दुसरी बाजूही पाहावी. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज सर्व्हरमधल्या त्रुटी उघड झाल्या तेव्हा जगभरातले हजारो कार्यालयीन सर्व्हर हॅकरांच्या हाती गेले, आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचे ग्राहक त्यातून सुटले. दुरुस्ती लावायची कुणी, याचे उत्तर तिथे ठरलेले होते. सोलापुरात मार्च-एप्रिलच्या उन्हात सर्व्हरच्या खोलीचा एसी बंद पडला तर सोमवारी कळते. रात्री दोनला आलेली दुरुस्ती त्याच रात्री लावणारा माणूस आपल्याकडे असतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. इंटरनेट गेल्यावर काय, ही शंकाही येते. रस्ता खोदताना केबल तुटली तर मोबाइलच्या नेटवर मेल दिसतो, आणि येणारा मेल क्लाउडवर जमत राहतो.

परदेशी कंपनीने उद्या सेवा बंद केली तर?

ही भीती पोकळ नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची सेवा थांबवली, मेलसुद्धा. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. टॉवेल निर्यातदारावर असे निर्बंध येतील असे नाही, पण बिल थकणे, दर वाढणे, खाते चुकून संशयास्पद ठरवले जाणे हे कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. देशी कंपनी निवडली तरी यातले बरेचसे लागू आहेच.

इथे वर सांगितलेल्या दोन गोष्टी उपयोगी पडतात. डोमेन आपल्या नावावर असेल आणि मेलची प्रत आपल्याकडे असेल, तर एमएक्स नोंद बदलून दुसऱ्या सेवेवर एक-दोन दिवसांत काम सुरू करता येते. पत्ता तोच, म्हणून बायरला काही कळवावेही लागत नाही. फुकटच्या जीमेल पत्त्यावर धंदा चालवणाऱ्याला ही सोय नाही, कारण त्या पत्त्यातला 'ॲट'नंतरचा भाग त्याचा नाहीच.

नव्या कायद्याचा इथे संबंध काय?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याच्या नियमांतली बहुतेक मुख्य बंधने अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पीएफसाठी मागवलेल्या कामगारांच्या आधारच्या प्रती, पगारपत्रके, बँक पासबुकाचे फोटो हे सारे मेलमध्येच पडून असते, आणि ते जपण्याची कायदेशीर जबाबदारी ते गोळा करणाऱ्या मालकावर राहते. मेल क्लाउड कंपनीकडे ठेवला म्हणून ती तिच्याकडे जात नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान उद्योगाला एवढा दंड होईल असे समजण्याचे कारण नाही, मात्र काम संपलेल्या प्रती पुसून टाकणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

आणि तरीही घडलेच तर?

पहिला तास महत्त्वाचा. पैसे आपल्या खात्यातून गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीला ताबडतोब कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. पैसे बायरच्या देशातल्या बँकेतून गेले असतील तर पहिली हालचाल बायरने करायची असते, म्हणून त्याला मेल न करता फोन करावा. मेल चोरही वाचत असतो. बायरची बँक रक्कम परत मागवण्याचा संदेश पाठवू शकते, पण समोरच्या खात्यातून पैसे काढले जाण्यापूर्वी.

खात्याचा पासवर्ड बदलणे पुरेसे नसते. प्रशासकाने आधीची सगळी लॉगिन सत्रे तोडावीत, पडताळणीसाठी चोराने आपला मोबाइल जोडून ठेवला आहे का ते पाहावे आणि मेलपेटीतले नियम एकेक उघडून तपासावेत. नाहीतर पासवर्ड बदलूनही प्रती बाहेर जात राहतात. कंपन्यांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवावी, असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. फसवणुकीचा मेल पुसू नये आणि नुसता फॉरवर्डही करू नये. फॉरवर्ड केल्यावर तो कोणत्या सर्व्हरवरून आला याच्या मूळ नोंदी त्यात राहत नाहीत, म्हणून तो फाइल म्हणून उतरवून ठेवावा. हिशेबनिसाचा संगणक फॉरमॅट करून टाकण्याची घाई अशा वेळी सगळ्यांनाच होते. पोलिसांनी त्याची प्रत घेईपर्यंत तो बंद करून, नेटपासून सोडवून बाजूला ठेवावा.